सुनंदाक्कांची परदेशाची तालीम

लग्नाचा हॉल गच्च भरला होता. स्टेजवर आहेराची रांग लागली होती. पाकीट नवरीच्या हातात ठेवता ठेवता सुनंदाक्कांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "बालीला निघालाय म्हणं हनिमूनला?"

मुलगा लाजून हो म्हणाला.

"लई चांगलं. आनि समजा तिकडं काय झालंच, तर बॉडी परत आणायची सोय हाय का पॉलिशीत?"

फोटोग्राफरने नेमका त्याच क्षणी फोटो काढला. तो अल्बम मी पाहिला आहे. नवऱ्या मुलाचं तोंड उघडं, नवरीचे डोळे मोठे झालेले आणि मधोमध आक्का कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न हसताहेत.

आमच्या कसबा बावड्याच्या कॉलनीत परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न एकदा तरी ऐकावा लागे. कुठल्या देशाला, किती दिवस, कोण कोण, हे सगळं नंतर. आधी बॉडी. कुणी म्हणालं, "आक्का, निघताना असलं अशुभ बोलू नये," की त्यांचं उत्तर तयार असे, "छत्री घेतली म्हणून पाऊस पडत न्हाय. पर पाऊस पडला म्हंजे छत्री दुकानात असून उपेग न्हाय."

सुनंदाक्का चौगुले बुटक्या, रुंद आणि आवाजाने भक्कम. काठाची साडी आणि तिच्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, असा त्यांचा बारमाही पोशाख. बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, जाताना ते शूज दाराशी सोडत आणि येताना पुन्हा चढवत. कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही "मी आलो, मी गेलो, मी सांगतो" असं पुरुषासारखं बोलत. आमच्याकडे नव्याने राहायला आलेल्या एका पुण्याच्या बाईंनी फोनवर त्यांचा आवाज ऐकला आणि "काका, आक्का आहेत का?" असं विचारलं. आक्का म्हणाल्या, "काकाच बोलतोय. बोल बाई."

त्यांच्या यजमानांचं, भूपालअण्णांचं, खत-बियाण्यांचं दुकान होतं. अण्णा मितभाषी होते. दुसरं काही होण्याला घरात वाव नव्हता. एका वर्षी खताचा खप चांगला झाला म्हणून कंपनीने सगळ्या डीलरांना सपत्नीक थायलंडला नेलं. तिथे समुद्रावर केळ्याच्या आकाराची एक रबरी होडी असते. तिच्यावर माणसं ओळीने बसतात, पुढची मोटरबोट ती जोरात ओढते आणि शेवटी सगळ्यांना पाण्यात उलथवते. यासाठी लोक पैसे देतात. सगळे डीलर बसले म्हणून अण्णाही बसले. उलथल्यावर बाकीचे हसत वर आले आणि अण्णा खांद्याचं हाड मोडून वर आले.

कंपनीने सगळ्यांचा विमा काढलेला होता, त्यामुळे आक्का निर्धास्त होत्या. इकडे आल्यावर कळलं की साहसी खेळ पॉलिसीतून वगळलेले असतात. आक्कांनी थेट विम्याच्या ऑफिसात जाऊन तिथल्या साहेबांना गाठलं.

"केळ्यावर बसणं हे साहस कसं काय ओ?"

"मॅडम, वॉटर स्पोर्ट्स म्हणजे ॲडव्हेंचरमध्ये…"

"साहेब, आमच्या मालकांची एकसष्टी झाल्या. त्या वयाचा माणूस केळ्यावर बसला तर ते साहस न्हवं, गाढवपणा हाय. गाढवपणा कुठं वगळलाय तुमच्यात, तेवढं दाखवा, मी उठतो."

साहेबांनी खरोखर पॉलिसी उघडून पाहिली, असं अण्णा सांगायचे. गाढवपणा कुठेच वगळलेला नव्हता. पण मिळालं काहीच नाही. त्या दिवशी आक्का ती पॉलिसी घरी घेऊन आल्या. पानावरची कीड बघायचं दुकानातलं भिंग घेतलं आणि बारीक टायपातलं इंग्रजी सुनेला विचारत विचारत, पोथी लावावी तशी, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. मग दुसऱ्या कंपनीची आणली. मग तिसऱ्या. लोक निवृत्त झाल्यावर अध्यात्माकडे वळतात, आक्का ट्रॅव्हल इन्शुरन्सकडे वळल्या.

पुढे अण्णा गेले. घरात, आपल्या पलंगावर, चहा पिऊन. मुलगा महावीर बंगळूरला. दुकान भाड्याने दिलं. त्यानंतर आक्कांच्या गच्चीवर परदेशाची तालीम सुरू झाली. कोल्हापुरात तालीम म्हटलं की लाल माती डोळ्यांपुढे येते. इथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. कॉलनीतलं, ओळखीतलं कुणीही परदेशी निघालं की त्याला गच्चीवर यावं लागे. फी नाही, चहा फुकट. अपमानही फुकट.

पहिला धडा बॅगेचा. भरलेली बॅग स्वतः दोन मजले चढवून गच्चीवर आणायची. "तिकडं हमाल नस्त्यात. असला तरी तो तुमच्यापेक्षा शिकलेला असतोय." गच्चीवर दुकानातला जुना खताचा काटा होता. त्याच्यावर बॅग ठेवायची, आक्का आकडा बघणार आणि मग बॅग उघडून एकेक वस्तू बाहेर काढणार. "तीन स्वेटर कशाला? थंडी एकच असत्या." "ही पैठणी कुणाला दाखवणार? तिथल्या राणीला?" बिचाऱ्या बायका आपले परकर गच्चीवर सर्वांसमक्ष मोजले जाताना बघत उभ्या राहत.

दुसरा धडा विमानाचा. खुर्च्या एकमेकींना चिकटवून ओळीने लावायच्या, कोपर अंगाशी घ्यायचं आणि अख्खी दुपार बसायचं. मधल्या माणसाने उठून, दोन्हीकडच्यांच्या मांड्यांना स्पर्श न करता, जिन्यापर्यंत जाऊन यायचं. "विमानात शेजारी कुणाची बायको असंल सांगता येत न्हाय. सवय पायजे."

तिसरा धडा सांगायला मला अजूनही अवघड वाटतं. आक्कांना वाटत नसे. सासरा, सून, मुंजा, प्राध्यापक, कुणीही समोर असो, त्या हातात रिकामी प्लास्टिकची बाटली घेऊन उभ्या राहत आणि म्हणत, "तिकडं संडासात पानी नसतंय. कागद असतोय. कागद आपल्याला जमत न्हाय. लाजू नका, ह्यात लाजण्यासारखं काय बी न्हाय, सगळ्यांस्नी एकच जागा दिल्या देवानं." त्यानंतरची माहिती इतकी तपशीलवार असे की एकदा एक जावईबापू मध्येच उठून पाणी प्यायला गेले ते परत आले नाहीत.

चेष्टा बाजूला ठेवली तर बाई जे सांगत ते पक्कं असे. गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटातच न्यायच्या आणि हातातल्या बॅगेत ठेवायच्या. पासपोर्टची एक झेरॉक्स नवऱ्याकडे, एक बायकोकडे, "म्हंजे भांडण झालं तरी दोघंबी परत येतील." आणि विमा कंपनीचा मदतीचा फोन नंबर प्रत्येकाने खिशात ठेवायचा. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी तो लावायचा, नंतर नाही. हे त्या इतक्या वेळा म्हणायला लावत की माझी बायको एकदा झोपेत म्हणाली, "आधी फोन."

कॉलनीतल्या आम्ही काही जणांनी युरोपला जायचं ठरवलं, तेव्हा आक्काही यायला निघाल्या. इतके दिवस दुसऱ्यांना तयार करत होत्या, आता स्वतःची पाळी. गटाचे म्होरके होते नानासाहेब निकम. शिरोलीला त्यांची फाउंड्री. माणूस उंचापुरा, रुबाबदार, मिशीला रोज कात्री लावणारा. बरोबर त्यांचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, इस्लामपूरचे दिनकरराव. व्याह्यांपुढे नानासाहेबांचा एक विशेष ताठा असे. दोघं जिना चढतानासुद्धा आधी कुणाला धाप लागते याच्यावर एकमेकांची नजर असायची.

युरोपच्या व्हिसाला विमा लागतोच. टूर कंपनीने अर्ज पाठवले. त्यात एक रकाना होता: सध्याचे आणि पूर्वीचे आजार. नानासाहेबांनी त्यात झोकदारपणे लिहिलं, "काही नाही."

आता नानासाहेबांच्या हृदयाचं काम झालेलं आख्ख्या कॉलनीला माहीत होतं. ज्या दिवशी झालं त्या दिवशी "मुंबईला मशिनरीच्या प्रदर्शनाला गेलेत" अशी घरातून बातमी दिली गेली आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या नळीत अडथळा होता हे भाजीवाल्यालाही ठाऊक झालं. फक्त व्याह्यांना कळलेलं नव्हतं.

आक्कांनी नानासाहेबांना गच्चीवर बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला म्हणजे पाण्याच्या टाकीमागे. आवाज खाली रस्त्यावर ऐकू येत होता.

"नाना, खोटं लिवलंय तुमी."

"आक्का, व्हिसाला कागद लागतोय, तेवढ्यापुरतं हाय ते. कोण बघालंय?"

"आत्ता कोन बघत न्हाय. तिकडं छातीत कळ आली की मग सगळी बघत्यात. आनि पयलंच खोटं सापडलं म्हंजे कंपनी हात वर करत्या. मग काय, फाउंड्री वितळवून बिल भागवनार?"

"मी ठणठणीत हाय!"

"मग मी येत न्हाय. तुमच्या मयताला युरोपात खांदा द्यायला माझी उंची पुरत न्हाय."

नानासाहेब तावातावाने निघून गेले. आठवडाभर बोलणं बंद. टूर मोडते की काय अशी आम्हाला धास्ती पडली. पुढच्या रविवारी आक्कांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. दिनकरराव इस्लामपूरहून आले होते, त्यांनाही. चहा झाल्यावर आक्का उभ्या राहिल्या.

"आज आजार सांगायचे. सगळ्यांनी, मोठ्यानं. मी सुरवात करतो. मला बीपी हाय, मूळव्याध हाय, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, आनि ल्हानपनी मी विहिरीत पडलोतो."

मग माझी बायको, जिला मी तीस वर्षं ओळखतो असं समजत होतो, ती म्हणाली की तिला थायरॉइड आहे. मग शेजारच्या बाईंनी शुगर सांगितली. त्यांच्या यजमानांनी आपली शुगर त्यांच्यापेक्षा जास्त असल्याचं सांगितलं. हळूहळू रंग चढू लागला. मुतखड्याचे आकार हाताने दाखवून झाले. एकाने गुडघ्याची वाटी वाजवून दाखवली. माणसाला आपल्या आजाराबद्दल बोलायला मिळणं यासारखं सुख नाही आणि इथे तर श्रोते बांधून बसवलेले.

मग दिनकररावांनी घसा साफ केला. "आता सगळेच सांगालाय म्हणून सांगतो. माझं… मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाल्या. एक स्टेंट टाकलाय."

नानासाहेब व्याह्यांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग सुटका आणि मग जे आलं ते मी कधी विसरणार नाही. छाती पुढे काढून ते उभे राहिले.

"एक? माझ्यात दोन हायत!"

आक्कांनी ताबडतोब पेन पुढे केलं. "लिवा."

अर्ज दुरुस्त झाला, वर थोडे पैसे भरावे लागले आणि सगळं मार्गी लागलं. फक्त त्या दिवसापासून कॉलनीत नानासाहेबांचं नाव 'डबल नाना' पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं. त्याचा राग त्यांनी आक्कांवर धरला आणि असा धरला की मुंबईच्या विमानतळापासून स्वित्झर्लंडपर्यंत ते आक्कांशी एक अक्षरही बोलले नाहीत.

आक्कांना त्याची फिकीर नव्हती. त्यांना विमानात वेगळीच मौज सापडली होती. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा त्यांचा नेम. बाकीचं जमेल तसं, पण हा पक्का. आता दुपारचं विमान पश्चिमेला चाललेलं. जेवण आलं, खिडकीत सूर्य होता. आक्का जेवल्या. बऱ्याच वेळाने पुन्हा काही खायला आलं, सूर्य होता. आक्का पुन्हा जेवल्या. खाली उतरून हॉटेलात गेलो तरी ऊन. घड्याळात रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि आक्का भाताचं ताट पुढ्यात घेऊन मला म्हणाल्या, "सर, ह्या देशात धर्म पाळाय लई सोपं हाय की. उगंच आपली मानसं हाल करून घेत्यात."

स्वित्झर्लंडला दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फाच्या डोंगरावर जाणार होतो. नानासाहेब वर्षभर त्या डोंगराशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. त्यासाठी त्यांनी लालभडक जाकीट घेतलं होतं आणि कोल्हापुरात, मे महिन्यात, घालून बघितलं होतं. सकाळी ते जाकीट घालून ते नाश्त्याला निघाले, तेवढ्यात आमच्या मजल्यावर हाक आली.

"ओ, कोन हाय का! पडलो!"

तीन खोल्यांपलीकडून दारं बंद असताना आलेला आवाज दुसऱ्या कुणाचा असणंच शक्य नव्हतं. हॉटेलच्या बाईने किल्लीने दार उघडलं. आक्का बाथटबमधून बाहेर येताना पाय घसरून पडल्या होत्या. त्या आतूनच ओरडल्या, "गडी मानूस आत येऊ नका!" बायका आत गेल्या, त्यांच्यावर चादर घातली. वेदनेने तोंड पांढरं पडलं होतं, पण हॉटेलवाली उचलायला पुढे झाली तेव्हा आक्का तिच्यावर मराठीत खेकसल्या, "हात लावू नगंस! आधी फोन!"

फोन मी केला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. शिकवणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या सकाळी कळलं. पलीकडून एक शांत बाई माहिती विचारत होती आणि मला 'खुबा' या शब्दाला इंग्रजी आठवेना. मी सांगितलं, पायाचा वरचा भाग, जिथे पाय संपतो तिथला. तरी त्यांनी समजून घेतलं, केस नंबर दिला, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं ते सांगितलं. ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून आक्का मला विचारत होत्या, "नंबर लिवून घेतला का? कशावर लिवला? हातावर? पुसंल की ओ!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. विमा कंपनीच्या डॉक्टरांचा भारतातून फोन आला. अर्जावरची माहिती पडताळायची होती. मी स्पीकर लावला.

"मॅडम, यात तुम्ही गोवर लिहिलाय, विहिरीत पडल्याचं लिहिलंय. हे कधीचं?"

"मी दुसरीत असतानाचं."

"हे लिहायची गरज नव्हती मॅडम."

"पडलोय तर लिवाय नको?" आक्का म्हणाल्या. डॉक्टर हसले. तासाभरात हॉस्पिटलला मंजुरी आली.

गट पुढे जाणार होता. डोंगर, मग पॅरिस. आक्कांजवळ कुणीतरी राहायला हवं. महावीरला व्हिसा मिळून यायला वेळ लागणार होता. भाषेसाठी मी थांबायचं ठरलं. आणखी एक माणूस हवा होता. सगळे एकमेकांकडे बघत असताना नानासाहेब म्हणाले, "मी ऱ्हातो."

"तुमचा डोंगर?" मी विचारलं.

"वर हवा पातळ असत्या म्हणं. माझ्यात दोन हायत न्हवं का," ते तुटकपणे म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खिडकीतून तो डोंगर स्वच्छ दिसत होता. दिनकरराव त्याच डोंगरावर जाऊन एका स्टेंटवर फोटो काढून आले. आमच्या बायका मागे वळून न बघता पॅरिसला गेल्या.

नानासाहेबांनी ते लाल जाकीट अंगातून काढलं नाही. हॉस्पिटलच्या पांढऱ्या बोळात, हीटर चालू असताना, हा माणूस बर्फात निघाल्यासारखा फेऱ्या घालत असायचा. नर्सना वाटलं भारतीय लोक फार थंडीचे असतात.

ऑपरेशनच्या सकाळी आक्का गप्प होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि मला ते सहन होईना. डॉक्टर येऊन सगळं समजावून गेला, मी त्याचं मराठी करून सांगितलं. त्या ऐकत नव्हत्या. छताकडे बघत म्हणाल्या, "सर, समद्यांस्नी मी सांगतो काय काय बरोबर न्यायचं. पर भ्या वाटलं तर काय करायचं, ते काय मला सांगता आलं न्हाय कधी."

मी त्यांचं पांघरूण नीट केलं.

नानासाहेब खुर्ची ओढून पलंगापाशी बसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते त्यांच्याशी बोलले.

"आक्का, मी जाऊन आलोय आत. काय न्हाय हो. फकस्त लई गार असतंय. पायमोजे मागून घ्या. बाकी कळतबी न्हाय, डोळं उघडलं की झालेलं असतंय."

"खरं?"

"अर्जावर लिवून देऊ?"

आक्का हसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "नाना, माझ्यासंगं णमोकार म्हना. एकटीला सुधरंना झालंय."

नानासाहेबांच्या हातात अंड्याचं सँडविच होतं. ते त्यांनी पाठीमागे धरलं आणि दुसऱ्या हाताने आक्कांचा हात धरून, त्या सांगतील तसं, शब्द चुकत चुकत, "णमो अरिहंताणं" म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मोजे मागायचं काम मी केलं. त्या शब्दाला मला इंग्रजी आठवलं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर आक्कांनी पहिल्यांदा विचारलं की सूर्य आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मग काय तरी खायाला द्या. सूप आलं. ते कशाचं आहे हे आक्कांना कळेना, म्हणून नर्सने कागदावर कोंबडी काढली आणि तिच्यावर फुली मारली. आक्कांनी तो कागद जपून ठेवला. "एवढ्या सोप्या भाषेत कोन बोललंच न्हाय हितं," म्हणाल्या.

परत येताना त्यांना पाय लांब करून बसायला हवं होतं, म्हणून विमा कंपनीने त्यांना बिझनेस क्लासची जागा दिली. टूर कंपनीने आम्हा दोघांची तिकिटं बदलून दिली, ती मागची, कोपर अंगाशी घेऊन बसायची. विमान उडालं आणि थोड्या वेळाने पुढचा पडदा बाजूला झाला. हवाई सुंदरी नानासाहेबांसाठी एक गरम टॉवेल घेऊन आली. मग काजूंची वाटी आली. मग चॉकलेट. मग पायमोजे. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "फ्रॉम द लेडी इन फ्रंट," आणि आसपासचे परदेशी प्रवासी लाल जाकिटातल्या या मिशीवाल्या म्हाताऱ्याकडे आदराने बघायचे.

कॉलनीत मात्र आक्कांनी खुब्याबद्दल एक शब्द काढला नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकीला त्या फक्त खुर्ची कशी आडवी होते ते सांगत. "झोपूनच आलो मी. ताटबी काचेचं." काही बायकांच्या मनात आपलंही एखादं हाड मोडावं असं येऊन गेलं असावं.

महावीरने आईला पुन्हा परदेशी जायची बंदी घातली. आक्का वॉकर घेऊन चालू लागल्या. गच्ची सुटली, तालीम खाली पार्किंगमध्ये आली. खताचा काटा खाली आणायचं काम नानासाहेबांनी फाउंड्रीतली माणसं लावून केलं. ते आता तिथे रोज संध्याकाळी बसत, आक्कांनी शिकवलेलं चुकीचं सांगत आणि शिव्या खात.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं बाळंतपण होतं, जर्मनीत. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी गेलो. नात झाली, ती रडायला लागली, आम्हाला दुसरं काही सुचेना आणि अशातच एका सकाळी नानासाहेबांचा फोन आला. आक्का दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मागे बावड्यातल्या कावळ्यांचा आवाज येत होता.

त्यामुळे मला आक्का आठवतात त्या आम्ही निघालो त्या दुपारच्या. गाडी दारात उभी होती. बॅगा डिकीत गेल्या होत्या. आक्का वॉकर टेकत टेकत आल्या आणि म्हणाल्या, "उघडा."

"आक्का, परवा तुम्हीच बघितल्यात की!" माझी बायको म्हणाली.

"परवा बघितल्या. काल तू काय घातलंस त्यात, ते बघायचंय."

भर रस्त्यात डिकी उघडली. मोठ्या बॅगा पास झाल्या. मग आक्कांनी माझ्या बायकोच्या हातातली पिशवी मागितली. तिने ती पाठीमागे घेतली. आक्कांनी वॉकर सोडून हात लांब केला. पिशवीच्या तळाशी, शालीत गुंडाळलेली, कैरीच्या लोणच्याची बरणी निघाली.

"हे हातातल्या बॅगेत? मुंबईत कचऱ्यात टाकतील हे!"

"पोरीला डोहाळे लागलेत ओ आक्का. मोठ्या बॅगेत वजन बसंना झालंय."

"पोरगी नववा म्हैना संपवायला आल्या, आनि तुला आता डोहाळं आठवालेत? ठेव हितं. चला, निघा. उशीर करू नका."

बायको रडकुंडीला आली. मी तिला गाडीत बसवलं. ड्रायव्हरने गाडी काढली. कोपऱ्यावर वळताना मी काच खाली करून मागे बघितलं. आक्का रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, पायात पांढरे शूज, वॉकर पोटाशी टेकलेला. एका हातात बरणी होती आणि तिचं झाकण उघडलेलं होतं. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटून क्षणभर विचार केला. मग तो आवाज आला, साखर कारखान्याच्या भोंग्याच्या वरताण, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा.

"अगं ए, मीठ कमी पडलंय!"